साधी यंत्रे : बालवयातील परिचय

बलाचे परिमाण किंवा दिशा बदलून एखादे काम हाताला सोयीचे करून देणाऱ्या, मोजक्याच भागांच्या साधनांना साधी यंत्रे म्हणतात. तरफ (टेकूवर फिरणारा दांडा), आस व चाक, कप्पी, उतरण (तिरकी फळी), पाचर आणि मळसूत्र (स्क्रू) हे त्यांचे सहा प्रकार रूढ आहेत. महाराष्ट्रात हा विषय सहावीच्या विज्ञानात पाठ म्हणून येतो. तथापि ४ ते ८ वर्षांच्या मुलांना त्याची ओळख घरातल्या आणि गल्लीतल्या वस्तूंवरून करून देता येते. सोलापूरसारख्या, हातमाग, भाकरी आणि बाजार यांच्या शहरात अशा वस्तूंची वानवा नाही.

सहा ही संख्या मात्र अटळ नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक अभियंत्याने पाचच यंत्रे सांगितली होती व त्यांत उतरण नव्हती. ती युरोपीय प्रबोधनकाळात यादीत आली. घसरगुंडीवरून उलटे चढू पाहणाऱ्या मुलाला जे यंत्र सर्वांत आधी भेटते, तेच विद्वानांच्या यादीत सर्वांत उशिरा यावे, हे गमतीचे आहे.

‘यंत्रामुळे काम कमी होते’ हे वाक्य मुलांना सर्रास सांगितले जाते आणि ते चुकीचे आहे. यंत्र बल वाचवते तेव्हा अंतर वाढवते. ही देवाणघेवाण आहे, हे गॅलिलिओने इ. स. १६००च्या सुमारास स्पष्ट केले. बाजार समितीच्या आवारात कांद्याची पोती ट्रकवर चढवण्यासाठी फळी टेकवली जाते, तिथे हे डोळ्यांनी दिसते. ट्रकचा तळ १ मीटर उंच आणि फळी ३ मीटर लांब असेल, तर घर्षण सोडल्यास पोते ओढायला त्याच्या वजनाच्या एक तृतीयांश बल पुरते, पण ओढावे लागते तिप्पट अंतर. मुलांसाठी दप्तर, दोरी आणि पाट एवढे साहित्य पुरेसे आहे; दप्तर आधी सरळ उचलायला लावावे, मग पाटावरून ओढायला लावावे आणि आकडे सांगूच नयेत.

स्वयंपाकघरात तरफांचे नमुने एकमेकांशेजारी ठेवता येतात. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला असतो. म्हणून थोड्या जोराने कठीण सुपारी फुटते. चिमट्यात हाताचा जोर मधोमध पडतो आणि भाकरी टोकाला असते, त्यामुळे जोर उलट जास्तच लागतो. तरीही चिमटा वापरतात, कारण बोटे आचेपासून दूर राहतात. यंत्र नेहमी बलच वाचवते असे नाही, हे शिकवायला चिमट्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. विळीचे पाते म्हणजे पाचर. ती व अडकित्ता मुलांनी पाहायचे असतात, चालवायचे नसतात. जात्याचा खुंटा मधल्या खिळीपासून जितका लांब, तितके जाते हलके फिरते. आडावरची एकच स्थिर कप्पी बल मुळीच वाचवत नाही. ती केवळ दिशा बदलते, आणि वर खेचण्यापेक्षा खाली ओढणे माणसाला सोपे जाते, कारण त्यात अंगाचे वजन कामी येते.

हातमागावर पायाखालची पट्टी दाबली की ताण्याचे (उभे) धागे दोन थरांत वेगळे होतात आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला वाट मिळते. पट्टी ही तरफ असून काही मागांत वरची दोरी कप्पीवरून जाते. सोलापुरी चादर मात्र आज मुख्यतः यंत्रमागावर विणली जाते, जिथले भाग मुलांच्या नजरेला न पकडता येण्याइतके वेगाने हलतात. शहराच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबांतील अनेक मुले घरी तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड चालते; त्यांना ‘तरफ’ वा ‘पाचर’ हे शब्द नवे असतात. म्हणून वस्तू आधी हातात देणे आणि नाव मागाहून सांगणे, हा क्रम इथे विशेष उपयोगी ठरतो.

मकरसंक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, उभे धरून मिरवले जातात. उभी काठी पेलता येते. तीच कलली की तिचे वजन लांब भुजेने ओढू लागते व सावरणे अवघड होते. मुलांना एक लांब काठी आधी उभी आणि मग एका टोकाला धरून आडवी धरायला दिली, तर हा फरक मनगटाला लगेच जाणवतो.