क्रॉसबोने हरणाची शिकार : खरेदीपूर्वी आणि हंगामापूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

ओहायोत राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच क्रॉसबो (ट्रिगर असलेले आडवे धनुष्य) घेऊ पाहणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना या विषयातले काही घरातून मिळालेले नाही. येथे मात्र अनेक मुले आजोबांच्या शेजारी मचाणावर बसूनच ते शिकतात. ज्या गोष्टी येथे कोणी मुद्दाम सांगत नाही, कारण त्या सगळ्यांना ठाऊक असणार असे गृहीत धरले जाते, नेमक्या त्याच आम्ही येथे विस्ताराने लिहिल्या आहेत.

परवाना आणि नियम

पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढणाऱ्याला ओहायोत ‘हंटर एज्युकेशन’चा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अनुभवी सोबत्याच्या देखरेखीखाली शिकार करण्यासाठी शिकाऊ परवान्याची सोय आहे. साध्या परवान्याखेरीज हरणासाठी स्वतंत्र परमिट लागते. खासगी जमिनीवर शिकार करायची असल्यास मालकाची लेखी परवानगी जवळ असावी लागते. ‘त्यांनी फोनवर हो म्हटले आहे’ हे पुरेसे नाही. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि क्रॉसबो त्याच हंगामात चालतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीचा हंगाम सुरू झाला की त्या दिवसांत क्रॉसबोवाल्यानेही सर्वांत वर नारिंगी जाकीट घालणे बंधनकारक आहे. शिकार मिळाल्यावर तिची नोंद ठरलेल्या मुदतीत करावी लागते. तारखा आणि परमिटांची संख्या दरवर्षी बदलू शकते, म्हणून राज्याच्या वन्यजीव विभागाची चालू वर्षाची नियमपुस्तिका पाहावी, मागच्या वर्षीची नव्हे. सरावाबाबतही एक सूचना: अनेक शहरांत घराच्या परसात बाण सोडण्यास मनाई असते, तेव्हा आपल्या गावाचा नियम आधी विचारून घ्यावा.

वेगासाठी पैसे मोजण्यापूर्वी

दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘याचा वेग किती?’ हा असतो, आणि खोक्यावरही तोच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. आमचे मत असे की, हरणाच्या शिकारीसाठी हा आकडा पाहण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी. ४०० ग्रेन वजनाचा बोल्ट, म्हणजे क्रॉसबोचा आखूड बाण, सेकंदाला ३५० फूट वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा सुमारे १०९ फूट-पौंड भरते, आणि हरणासाठी याच्या निम्मी ऊर्जाही पुरेशी समजली जाते. म्हणजे आज बाजारात मिळणारा मध्यम किमतीचा जवळजवळ कोणताही क्रॉसबो ताकदीच्या बाबतीत कमी पडत नाही.

जास्त वेगामुळे लांबून नेम साधता येईल, असे अनेकांना वाटते. येथे हरणाचे कान मध्ये येतात. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो, बोल्ट ३५० फूट. म्हणजे दोरी सुटल्याचा आवाज बोल्टच्या आधी हरणापर्यंत पोहोचतो. पांढऱ्या शेपटीचे हरीण तो आवाज ऐकताच उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबते, आणि ज्या फुप्फुसावर नेम धरला होता तेथे बोल्ट पोहोचतो तोवर पाठ आलेली असते. ४० यार्डांवर आवाज आणि बोल्ट यांच्यामधला हा अवधी जवळजवळ पाव सेकंदाचा असतो. सेकंदाला ४०० फूट वेगाचा महाग क्रॉसबो घेतला तर तो अवधी सुमारे चार शतांश सेकंदाने कमी होतो. जुनाच क्रॉसबो घेऊन ३० यार्डांवर बसले तर सहा शतांशाने कमी होतो. दहा यार्ड जवळ बसण्याला पैसे पडत नाहीत. सावध, मान वर करून पाहणाऱ्या हरणावर तर ३० यार्डांवरूनही बोल्ट सोडू नये, ते पुन्हा चरू लागेपर्यंत थांबावे.

म्हणून आम्ही नवीन ग्राहकांना ३० यार्डांची मर्यादा सुचवतो, आणि वेगावर वाचलेले पैसे चांगल्या बोल्टांवर, मचाणाच्या हार्नेसवर (पडण्यापासून वाचवणाऱ्या पट्ट्यांवर) आणि रेंजफाइंडरवर (अंतर मोजण्याच्या यंत्रावर) खर्च करण्याचा सल्ला देतो. यात दुकानाचा फायदा कमी होतो हे खरे, परंतु जखमी हरीण हरवून परत आलेल्या ग्राहकाशी बोलण्यापेक्षा ते बरे.

क्रॉसबो निवडताना

ओहायोत क्रॉसबोचा खेच, म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, किमान ७५ पौंडांचा असावा असा नियम आहे. प्रत्यक्षात विकले जाणारे बहुतेक १५० ते २०० पौंडांचे असतात. इतका खेच नुसत्या हाताने ओढणे बहुतेकांना जमत नाही, आणि ज्यांना जमते त्यांनीही ओढू नये, कारण हाताने ओढताना दोरी एका बाजूला किंचित जास्त येते आणि तेवढ्या फरकाने बोल्ट डावी-उजवीकडे जातो. कप्प्यांची दोरी-खेच (क्रॉसबो ताणण्याचे साधन) वापरली की दोन्ही बाजू सारख्या येतात आणि हाताला लागणारा जोर निम्मा होतो. खांदा किंवा पाठ दुखत असेल त्यांनी हँडल फिरवून ताणण्याची सोय असलेला क्रॉसबो घ्यावा. तो थोडा जड आणि महाग असतो, पण ताणायला त्रास होतो म्हणून सरावच न करणारे ग्राहक पाहिले की हा खर्च योग्य वाटतो.

रिकर्व्ह प्रकारात कप्पे नसतात, दोरी घरीच बदलता येते, आणि दूर जंगलात बिघाड झाला तरी दिवस वाया जात नाही. मात्र त्याचे पंख, म्हणजे धनुष्याच्या दोन भुजा, रुंद पसरतात. कंपाउंड प्रकार अरुंद व वेगवान असतो, परंतु त्याची दोरी व केबल बदलण्यासाठी दुकानातच यावे लागते. मचाणावर किंवा तंबूसारख्या बंद ब्लाइंडमध्ये बसणाऱ्यासाठी रुंदी महत्त्वाची ठरते, कारण सुटताना पंख बाहेर उघडतात आणि ते फांदीला, कठड्याला किंवा ब्लाइंडच्या खांबाला आपटले तर क्रॉसबो मोडतो व बसणाऱ्याला इजा होते. खरेदीपूर्वी तो खांद्याला लावून बसलेल्या अवस्थेत दोन मिनिटे धरून पाहावा. आम्ही दुकानात त्यासाठी मचाणाची खुर्ची ठेवली आहे.

बोल्ट, नॉक आणि ब्रॉडहेड

बोल्टच्या मागच्या टोकाला जो नॉक असतो त्याचे सपाट, अर्धचंद्राकृती असे निरनिराळे प्रकार आहेत, आणि प्रत्येक क्रॉसबोसाठी निर्मात्याने कोणता वापरायचा ते ठरवून दिलेले असते. चुकीचा नॉक लावला तर दोरी बोल्टच्या वरून किंवा खालून निसटू शकते. तसे झाले की सगळी ताकद पंखांवर आणि केबलवर येऊन ते फुटतात. बोल्टचे वजनही निर्मात्याने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा कमी नसावे. वेग वाढवण्यासाठी हलका बोल्ट वापरण्याची युक्ती काही जण सांगतात. ती ऐकू नये.

ब्रॉडहेड, म्हणजे बोल्टला लावायची शिकारीची पातेदार टोके, दोन जातींचे असतात. एकात पाती कायम उघडी असतात, दुसऱ्यात ती लागल्यावर उघडतात. उघडणारी पाती मोठी जखम करतात आणि सरावाच्या टोकासारखीच उडतात, म्हणून ती लोकप्रिय आहेत; कायम पाती असलेल्यात बिघडण्यासारखे काही नसते, मात्र क्रॉसबो नीट जुळवलेला नसेल तर ती भरकटतात. आमचा कल कायम पाती असलेल्या प्रकाराकडे आहे. कोणतेही घेतले तरी ज्या वजनाच्या टोकाने सराव केला त्याच वजनाचे ब्रॉडहेड असावे, आणि हंगामापूर्वी निदान एकदा ते प्रत्यक्ष लक्ष्यावर सोडून पाहावे. ब्रॉडहेड बसवताना व काढताना त्याची खास पाना वापरावी, बोटांनी पिळू नये. त्याची धार दाढीच्या पात्यासारखी असते.

नेम जुळवणे

क्रॉसबो टेबलावर वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने ठेवून २० यार्डांवरून नेम जुळवावा. बहुतेक स्कोपांवर (नेम धरण्याच्या दुर्बिणींवर) जुळवणीच्या खुंटीच्या एका टिचकीने १०० यार्डांवर पाव इंच फरक पडतो असे लिहिलेले असते. म्हणजे २० यार्डांवर एक इंच सरकवायला २० टिचक्या लागतात. हे माहीत नसल्याने दोन-तीन टिचक्या देऊन ‘स्कोप खराब आहे’ अशी तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. प्रत्येक बदलापूर्वी किमान तीन बोल्ट सोडावेत आणि त्यांच्या मध्यावरून निर्णय घ्यावा. एकाच ठिपक्यावर नेम धरून सोडू नये, नाहीतर दुसरा बोल्ट पहिल्याचे नॉक फोडतो, आणि नेम जमला याच्या आनंदाला एका बोल्टची किंमत पडते. टेबलावर नेम जुळला की पुढचा सराव बसून, जाड कपडे आणि हातमोजे घालून, शक्यतो उंचीवरून करावा.

सुरक्षितता

क्रॉसबोमुळे होणारी ठरावीक इजा आधाराच्या हाताच्या अंगठ्याला होते. बोल्ट ज्यावर बसतो त्या दांड्याच्या कडेवर अंगठा आला तर सुटणारी दोरी त्यावरून जाते. आधाराच्या हाताची सगळी बोटे कायम दोरीच्या रेषेच्या खाली राहतील, अशी पकड पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

बोल्ट न लावता क्रॉसबो कधीही सोडू नये. ताण उतरवण्यासाठी, निर्मात्याने वेगळी सोय दिलेली नसल्यास, साध्या टोकाचा जुना बोल्ट लावून तो जवळच्या लक्ष्यात सोडावा; अशी एक फोमची छोटी पेटी गाडीत ठेवता येते. गाडीत ताणलेला क्रॉसबो नेऊ नये.

तरीही या शिकारीत जिवावर बेतते ते बहुधा बाणामुळे नव्हे, मचाणावरून पडल्यामुळे. पूर्ण शरीराचा हार्नेस जमिनीवरच घालावा आणि चढायला सुरुवात केल्यापासून परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत तो झाडाला बांधलेल्या सुरक्षा-दोराला जोडलेला असावा. केवळ वर बसल्यावर बांधण्याचा काही उपयोग नाही, कारण पडणारे बहुतेक चढता-उतरताना किंवा शिडीवरून मचाणावर पाऊल टाकताना पडतात. जुन्या पद्धतीचा कमरपट्टा वापरू नये. उंचीवर क्रॉसबो ताणणे अवघड असल्याने तो खाली ताणून, सेफ्टी लावून, बोल्ट न लावता दोराने वर ओढून घ्यावा, आणि स्वतः बसल्यानंतर व हार्नेस तपासल्यानंतरच बोल्ट लावावा. कोठे बसलो आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू हे घरी लिहून ठेवावे. दक्षिण ओहायोच्या डोंगराळ भागात अनेक ठिकाणी फोन लागत नाही.

नेम कोठे धरावा

हरीण आडवे, म्हणजे पूर्ण बाजू दाखवून उभे असेल, किंवा थोडे आपल्यापासून दूर वळलेले असेल, एवढ्या दोनच स्थितींत बोल्ट सोडावा. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर हृदय आणि फुप्फुसे असतात. दूर वळलेल्या हरणावर नेम पलीकडच्या पुढच्या पायाकडे जाईल असा धरावा. समोरून किंवा आपल्याकडे वळलेल्या हरणावर खांद्याचे हाड आडवे येते, आणि धावणाऱ्यावर तर नेमाला अर्थच उरत नाही. मचाण जितके उंच तितका बोल्ट तिरका खाली जातो, म्हणून नेम धरताना तो दुसऱ्या बाजूने कोठून बाहेर पडेल याचा विचार करावा. हरणाच्या मागे काय आहे हे दिसत नसेल तर ट्रिगरला हात लावू नये.

बोल्ट लागल्यानंतर

बोल्ट लागला की हरीण पळते. क्वचितच ते जागीच कोसळते. ते कोठे उभे होते आणि शेवटचे कोठे दिसले, या दोन जागा लक्षात ठेवून मचाणावरच बसून राहावे. मग खाली उतरून आवाज न करता बोल्ट शोधावा. त्यावर तांबडे-गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर बोल्ट फुप्फुसात गेला आहे, आणि अर्ध्या तासाने माग काढण्यास हरकत नाही. गडद, काळपट रक्त यकृताचे असते. तेव्हा चार ते सहा तास थांबावे. हिरवट द्रव आणि घाण वास असेल तर बोल्ट पोटात लागला आहे, आणि आठ ते बारा तास थांबणेच योग्य. घाईने मागे गेल्यास असे हरीण बसल्या जागेवरून उठून मैलभर जाते आणि मग सापडत नाही. पाऊस येत असेल तर हा निर्णय कठीण होतो. अशा वेळी माहीतगार सोबत्याला फोन करावा. माग शेजारच्या जमिनीत गेला तर त्या मालकाची परवानगी घेऊनच पुढे जावे.

मांस लवकर थंड करणे महत्त्वाचे असते. ऑक्टोबरच्या उबदार दुपारी पोट साफ करून आत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. हरणांना होणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा रोग ओहायोच्या जंगली हरणांत २०२० मध्ये प्रथम वायंडॉट परगण्यात आढळला. त्या परिसरात शिकार करणाऱ्यांना नमुना तपासणीचे आणि मांसाच्या वाहतुकीचे वेगळे नियम लागू असतात. माणसाला हा रोग झाल्याचे आजवर आढळलेले नाही, तरीही तपासणीत दोष निघालेल्या हरणाचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

देखभालीसाठी दोरीला मेण आणि दांड्याला निर्मात्याने सांगितलेले वंगण ठराविक सरावानंतर लावावे. पंखांवर बारीक चीर किंवा दोरीचे धागे सुटलेले दिसले तर क्रॉसबो ताणू नये. दुकानातून घेतलेल्या क्रॉसबोची ही तपासणी आम्ही ऑगस्टमध्ये करून देतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळेच येतात, तेव्हा लवकर यावे.