भातुकलीतून निघालेली आगगाडी

पत्र्याची खेळणी तशी ढिगाने झाली. उड्या मारणारे बेडूक, ढोल बडवणारी माकडे, मोटारी, बोटी, विमाने. घरोघरी आली, चेपली, गंजली आणि भंगारवाल्याच्या पोत्यात गेली. आगगाडी मात्र टिकली. जर्मनीत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत आजही जुन्या घरांचे माळे उपसताना खोकी सापडतात, त्यात रूळ, इंजिन, चार डबे, एखादा सिग्नल, आणि खोक्यावर पणजोबांच्या हातचे नाव. संग्राहकांच्या हाती येणाऱ्या कितीतरी गाड्या अशा वारशाने आलेल्या असतात. हे नशिबाने घडले असे मला वाटत नाही. ही गाडी वारशाने पुढे जाईल अशीच बनवली गेली होती, आणि त्याचे मूळ भातुकलीत आहे.

दक्षिण जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गॉपिंगेन गावात थिओडोर मार्कलिन या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने १८५९ साली खेळण्यांचा धंदा सुरू केला. माल काय, तर बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडीकुंडी. पत्नी कॅरोलिन नमुने घेऊन गावोगाव हिंडायची आणि ऑर्डरी आणायची. ज्या काळात फिरती विक्री ही पुरुषांचीच मक्तेदारी होती, त्या काळात ती थेट स्वित्झर्लंडपर्यंत जायची. १८६६ साली थिओडोर वारले. पुढची वीसेक वर्षे धंदा तगला तो मुख्यतः या बाईच्या चिकाटीवर. कंपनीच्या इतिहासात तिच्या वाट्याला चार ओळी येतात, ते मला फार अपुरे वाटते.

मुलांनी १८८८ साली कारभार हाती घेतला आणि १८९१ साली एल्वांगेनच्या लुडविग लुट्झचा खेळण्यांचा कारखाना विकत घेतला. त्याच वर्षी लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी इंग्रजी आठच्या आकाराच्या रुळांवर धावणारी चावीची गाडी मांडली. खेळण्यातल्या गाड्या त्याआधीही होत्याच. काही नुसत्या दोरीने ओढायच्या, तर ब्रिटनमधली पितळी इंजिने स्पिरिटच्या दिव्यावर खरी वाफ करून दिवाणखान्याच्या फरशीवर पाणी सांडत धावायची. पण प्रत्येक कारखानदाराचे माप वेगळे, त्यामुळे एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चढायची नाही. मार्कलिनने रुळांची ठरावीक मापे बांधून त्यांना क्रमांक दिले: १, २, ३ आणि थोड्याच काळात सर्वांत लहान शून्य. आज शून्य गेज म्हणजे रुळांमध्ये ३२ मिलिमीटर आणि एक गेज म्हणजे ४५ मिलिमीटर अंतर. इतर कारखानदारांनीही हळूहळू हीच मापे उचलली.

यात भातुकलीची युक्ती होती. यंदा चूल घेतली, पुढच्या वर्षी पातेली, त्याच्या पुढच्या वर्षी मांडणी. तसेच इथे. पहिल्या नाताळाला इंजिन, दोन डबे आणि रुळांचा गोल; पुढच्या नाताळाला सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा), मग वाघीण (मालाचा डबा), मग स्टेशन, पूल, बोगदा. खेळणे एकदाच विकत घ्यायची वस्तू राहिले नाही, ते वर्षानुवर्षे वाढत जाणारे झाले. मुलगा मोठा झाला तरी गाडी पुरी झालेली नसायची, आणि त्याला मूल झाले की जुन्याच रुळांना नवे रूळ जोडता यायचे. वारसा जन्मला तो इथे. शिवाय अनेक जर्मन घरांत गाडी वर्षातून एकदाच निघायची: नाताळच्या सुमारास मांडायची आणि सण सरला की पुन्हा खोक्यात भरून माळ्यावर. उरलेले वर्ष तिला ना धूळ लागायची, ना मुलांचे हात.

दुसरे मोठे केंद्र न्यूरेंबर्ग. तिथे बिंग, कारेट, बुब, इसमायर असे कितीतरी कारखाने, आणि इग्नाझ व अडोल्फ या भावांची बिंग कंपनी पहिल्या महायुद्धापूर्वी जगातली सर्वांत मोठी खेळणी कंपनी गणली जायची. सुरुवातीच्या गाड्या हाताने रंगवलेल्या असत. डाग देऊन जोड केलेले, वर इनॅमलचे थर. पुढे पत्र्यावर छपाई करायची लिथोग्राफीची रीत रुळली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ साली तिचे पेटंट घेतले होते. असा छापील डबा भिंगाखाली धरून पाहावा. खिडक्यांच्या चौकटी, दारांच्या पितळी मुठी, रिबिटांचे ठिपके, सोनेरी रेघा, सारे सपाट पत्र्यावर आधी छापलेले असते. मग पत्रा कापून, दुमडून, एका भागाच्या कडेची जिभळी दुसऱ्याच्या फटीत घालून पिळली की डबा तयार. डबा उलटा केला की या पिळलेल्या जिभळ्या दिसतात. एखादी जिभळी तुटलेली किंवा पुन्हा पुन्हा वाकवलेली दिसली, तर डबा पूर्वी कुणीतरी उघडला आहे हे जाणकाराला लगेच कळते.

नॉर्दॅम्प्टनचे डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या जर्मन कारागिरीवर लुब्ध झाले. त्यांनी बिंग आणि कारेटकडून खास ब्रिटिश रेल्वेच्या रूपातली इंजिने बनवून घेतली आणि इंग्लंडात विकली. मराठी वाचकाचा धागा इथे जुळतो. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांब मेजावर फिरणारी चांदीची गाडी आहे, ती माधवराव शिंद्यांसाठी बॅसेट-लोक कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवली. विजेवर चालणारी ही गाडी काचेच्या सुरया आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून सरकायची. सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की निघायची. डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे आहेत. ती पत्र्याची नाही, मुलांसाठीही नाही, पण जिच्यामुळे ब्रिटिश घरांत जर्मन पत्र्याची गाडी पोचली त्याच कंपनीची ती.

पहिल्या महायुद्धाने हा व्यापार मोडला. कारेट हे फ्रेंच नागरिक असल्याने त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि १९१७ साली कारखाना बंद झाला. ब्रिटनमध्ये जर्मन माल कुणालाच नको होता. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी मेकॅनोमुळे, म्हणजे धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायच्या खेळण्यामुळे, आधीच घराघरांत पोचले होते. १९२० साली त्यांनी शून्य गेजची चावीची गाडी आणली. पहिली इंजिने मेकॅनोसारखी नट-बोल्टने जोडलेली होती, म्हणजे बिघडले तर घरी सोडवून दुरुस्त करता येईल अशी. कुशीत किल्लीचे भोक, मागे केबिनमधून डोकावणाऱ्या दांड्या, एक ब्रेकची, एक उलट-सुलट चालवायची. अशी इंजिने तीन-तीन पिढ्यांनी खेळूनही आज चालतात.

अमेरिकेत जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० साली लायनेल कंपनी काढली आणि विजेच्या गाड्यांत बाजी मारली. दुसऱ्या महायुद्धात धातूची खेळणी बंद पडली, तेव्हा १९४३ च्या नाताळाला लायनेलने चक्क पुठ्ठ्याची गाडी विकली. कापून, दुमडून, जोडून घ्यायची. ती धड जुळतच नसे म्हणतात.

पत्र्याच्या गाडीला खरे उतरते दिवस आणले ते घरांच्या आकाराने आणि प्लास्टिकने. १९३५ साली मार्कलिनने शून्याच्या निम्म्या मापाची गाडी आणली, त्याच वर्षी न्यूरेंबर्गची ट्रिक्स एक्सप्रेस आली, १९३८ साली हॉर्नबी डब्लो. लहान फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मावेल अशा गाड्या लोकांना हव्या होत्या. बिंग कंपनी १९३२ साली बुडाली. ट्रिक्सचा व्याप उभा करणारे स्टीफन बिंग ज्यू असल्याने नाझी राजवटीत इंग्लंडला गेले. युद्धानंतर प्लास्टिक आले. मार्कलिनने १९५० च्या दशकाच्या मध्यावर शून्य गेज थांबवले, हॉर्नबीचे १९६० च्या दशकात संपले.

आणि नेमके तेव्हाच संग्राहक जागे झाले. अमेरिकेत ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन १९५४ साली, ब्रिटनमध्ये हॉर्नबी रेल्वे कलेक्टर्स असोसिएशन १९६९ साली स्थापन झाली. आपल्याच लहानपणीची गाडी दुकानातून नाहीशी होताना पाहिलेली ही पिढी होती. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या लहान मापाच्या आणि वेगळ्या जातीच्या, पण एका माणसाच्या छंदातून उभ्या राहिलेल्या.

ज्यांच्या घरी, नातेवाइकांकडून किंवा परदेशातल्या वास्तव्यातून, अशी गाडी आली आहे त्यांना मी कळकळीने सांगेन: रंगवू नका. ओरखडे पडलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा कितीतरी मोलाचा असतो, आणि एकदा गेलेली मूळ छपाई परत येत नाही. खोकेही फेकू नका. त्यावरच्या लेबलावरून आणि क्रमांकावरून गाडीचा काळ ठरवता येतो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात पत्रा गंजतो, तेव्हा कोरडी जागा हवी. चावी भरून ठेवू नका, स्प्रिंग सैल असू द्या.

चाके मात्र नीट तपासा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाके वापरात आली आणि त्या धातूत शिशासारखी भेसळ राहिली असेल तर तो आतून कुजतो. आधी केसासारख्या बारीक भेगा, मग चाक फुगते, आसाला घट्ट धरते, आणि शेवटी बोटाच्या दाबाने भुगा होतो. यावर इलाज नाही, चाक बदलावेच लागते. सुदैवाने नवी चाके, स्प्रिंगा आणि किल्ल्या बनवणारे छोटे कारागीर युरोप-अमेरिकेत आहेत. काढलेली जुनी चाके मात्र त्याच खोक्यात, चिठ्ठी लावून ठेवावीत, म्हणजे पुढे गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला काय बदलले ते कळेल.