गिरणगावचे गुन्हेपट

मुंबईतल्या लालबाग, परळ, भायखळा या गिरणी पट्ट्यातले १९८० आणि १९९०च्या दशकांतले टोळीयुद्ध उभे करणारे मराठी-हिंदी चित्रपट. पिस्तूल, खबरी, पोलीस असा सगळा मसाला त्यांत असतो. पण त्यातल्या चांगल्या चित्रपटांचा जीव चाळीतल्या एका खोलीत अडकलेला असतो.

मुळाशी संप आहे. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. बाप घरी बसला, घर आईच्या खाणावळीवर किंवा शिवणकामावर आले, आणि बापाच्या ओळखीने बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागणारा मुलगा नाक्यावर उभा राहिला. टोळ्यांना पोरे मिळाली ती या नाक्यांवर. पटकथाकाराने हा दुवा गाळला की उरते ती नुसती मारामारी.

सूडाची साखळी शहराने खरोखर पाहिली आहे. दाऊद इब्राहिमचा भाऊ साबीर १९८१ मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर मारला गेला. त्या खुनातला आरोपी अमीरजादा १९८३ मध्ये भर कोर्टात. १९९२ मध्ये दाऊदच्या मेहुण्याचा खून झाला, तेव्हा जे. जे. रुग्णालयात उपचार घेत असलेल्या मारेकऱ्यावर तिथेच गोळ्या झाडल्या गेल्या. बंदोबस्तावरचे पोलीसही त्यात बळी पडले.

या परंपरेतला ठळक चित्रपट म्हणजे महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘लालबाग परळ’ (२०१०). तो जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावर आधारलेला असून त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. धुरी कुटुंबातल्या आईची भूमिका सीमा बिस्वास यांनी केली आहे. नंतरच्या ‘दगडी चाळ’मध्ये (२०१५) भर टोळीप्रमुखाच्या दबदब्यावर आहे.

काळ उभा करणे म्हणजे जुन्या गाड्या आणि बेलबॉटम नव्हे. पाळी सुटल्याचा भोंगा, सामाईक नळावरची रांग, पोटमाळा, मोरीला लावलेला पडदा हे सगळे जमून यावे लागते. चाळीत दुःखाला आडोसा नसतो: पोराची मयत अरुंद लाकडी जिन्यावरून उतरवताना अख्खी गॅलरी बघत असते, आणि ज्याच्यावर संशय त्याची आईही त्याच गॅलरीत उभी असते. सूड कुठे शिजतो हे दाखवायला दिग्दर्शकाला याहून जास्त काही लागत नाही.