ऊर्जा आणि अनुक्रमण : एका तळ्यापर्यंतची वाट

परिसंस्थेतून (म्हणजे एखाद्या ठिकाणचे सारे जीव आणि त्यांचा निर्जीव परिसर यांतून) ऊर्जा कशी वाहते आणि परिसंस्था काळानुसार कशी बदलते (यालाच अनुक्रमण म्हणतात), हे दोन प्रश्न आज पाठ्यपुस्तकांत शेजारी-शेजारी येत असले, तरी त्यांचे उगम वेगळे आहेत. बदलाचा प्रश्न आधी वनस्पतिशास्त्रज्ञांनी हाती घेतला. अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्या पाण्यापासून जितक्या दूर तितक्या जुन्या असतात; म्हणजेच किनाऱ्यावरून आत चालत जाणारा माणूस काळातूनही पुढे सरकत असतो, हे ओळखून हेन्री काऊल्स यांनी 1899 मध्ये उघड्या वाळूपासून जंगलापर्यंतचा क्रम मांडला. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 मध्ये त्यावर सिद्धांत उभारला : अनुक्रमण त्या-त्या हवामानाला साजेशा चरमावस्थेकडे, म्हणजे शेवटच्या स्थिर अवस्थेकडे, जाते आणि वनस्पतिसमूह जणू एकच जीव असतो. आर्थर टान्सली यांनी 1935 मध्ये ‘इकोसिस्टम’ (परिसंस्था) हा शब्द मांडला तो याच जीवकल्पनेला विरोध करताना, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

प्राण्यांच्या अभ्यासात चार्ल्स एल्टन यांनी 1927 मध्ये अन्नसाखळी आणि संख्येचा मनोरा (साखळीत वर जावे तशी प्राण्यांची संख्या घटत जाते, ही मांडणी) या कल्पना रुजवल्या; मात्र त्यांची मोजणी डोक्यांची होती, ऊर्जेची नव्हे. ती उडी रेमंड लिंडमन यांनी घेतली. मिनेसोटातील सीडर बॉग या लहानशा तळ्यातील शेवाळापासून माशांपर्यंतचे सारे जीव त्यांनी कॅलरींच्या हिशेबात आणले. एका तळ्यावरून एवढा व्यापक सिद्धांत मांडता येणार नाही, असे म्हणत परीक्षकांनी या कामावरचा त्यांचा निबंध नाकारला, त्यांचे मार्गदर्शक परिसंस्थाशास्त्रज्ञ जी. एव्हलिन हचिन्सन यांनी आग्रह धरल्यामुळे तो ऑक्टोबर 1942 मध्ये छापला गेला, पण त्याआधीच, जूनमध्ये, 26 वर्षांचे असताना लिंडमन निवर्तले होते. उत्पादकांनी सूर्यप्रकाशातील सुमारे 0.1 टक्के ऊर्जा पकडली, शाकाहारींनी त्यातील 13.3 टक्के आणि त्यांच्या भक्षकांनी त्यापुढची 22.3 टक्के मिळवली, असे त्यांचे आकडे सांगतात. सर्वत्र सांगितला जाणारा ‘दहा टक्क्यांचा नियम’ हे नंतरचे सुलभीकरण आहे.

याच निबंधाचा दुसरा भाग अनुक्रमणावर आहे, आणि तो फार कमी वाचला जातो. सीडर बॉग तळे गाळाने व कुजलेल्या वनस्पतींनी भरत चालले होते. त्यामुळे त्यातील ऊर्जेचा हिशेब मांडताना काळ बाजूला ठेवणे लिंडमन यांना शक्यच नव्हते. हा धागा यूजीन ओडम यांनी 1969 मध्ये पुढे नेला : तरुण परिसंस्थेत प्रकाशसंश्लेषणातून बांधली जाणारी ऊर्जा श्वसनात खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते आणि शिल्लक जैवभार (सजीवांचे एकूण वस्तुमान) म्हणून साठत जाते, तर परिपक्व परिसंस्थेत जमा आणि खर्च जवळजवळ समान होतात.