पीसीवरून मेनफ्रेमवर काम: जोडणीआधी आणि नंतर

मेनफ्रेमच्या (मोठ्या मध्यवर्ती संगणकाच्या) लेखी तुमच्या टेबलावर पीसी नाहीच. तिथे आहे ते आयबीएमने १९७१ साली आणलेल्या ३२७० घराण्यातले टर्मिनल, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड. हे सोंग वठवणारा प्रोग्रॅम म्हणजे टर्मिनल एम्युलेटर. पूर्वी त्यासाठी पीसीत वेगळे कार्ड बसवून कोॲक्सिअल केबल ओढावी लागे. आता नेहमीच्या नेटवर्कवरून टीएन३२७० पद्धतीने भागते.

आम्ही जोडणीसाठी येण्याआधी मेनफ्रेम विभागाकडून होस्टचा (म्हणजे मेनफ्रेमचा) पत्ता, पोर्ट (जोडणीचा क्रमांक), कोड पेज (अक्षरांच्या संकेतांचा तक्ता) आणि लागत असेल तर एलयू नाव (मेनफ्रेमकडे तुमच्या टर्मिनलचे नाव) मागून ठेवा. पोर्ट २३ दिला तर तो बहुधा साधा टेलनेट असतो, म्हणजे पासवर्डही उघडाच जातो. टीएलएसचा, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणारा पोर्ट (सहसा ९९२) आहे का, हे विचारा. नाही म्हणाले तर पुन्हा विचारा.

“पडदा हँग झाला”

बहुतेक वेळा झालेला नसतो. तुम्ही टाइप केलेले पीसीतच राहते. एन्टर किंवा पीएफ की (मेनफ्रेमच्या फंक्शन की) दाबली की भरलेले रकाने एकदम मेनफ्रेमकडे जातात. उत्तर येईपर्यंत कीबोर्ड बंद असतो आणि तळाशी एक्स व घड्याळ दिसते. तेव्हा थांबायचे, पीसी रीस्टार्ट करायचा नाही. एक्सच्या जोडीला बाण आणि छोटा माणूस दिसला, तर तुम्ही न लिहिण्याच्या जागी लिहायला गेला आहात: रिसेट दाबा, कर्सर हलवा. आमच्या मांडणीत रिसेट डाव्या कंट्रोलवर आहे. पीएफ १३ ते २४ साठी शिफ्ट धरून एफ १ ते एफ १२.

फाइल उतरवताना

इथे मात्र जपून. मेनफ्रेमची अक्षरे एबसिडिक संकेतात असतात, पीसीची आस्कीत. इंग्रजी मोठा ‘ए’ तिकडे १९३, इकडे ६५. मजकुराच्या फाइलचे हे भाषांतर एम्युलेटर वाटेत करतो. पण कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये रकमा बऱ्याचदा ‘पॅक्ड’ असतात, एका बाइटमध्ये दोन अंक. भाषांतर त्यांनाही अक्षरे समजून बदलते. फाइल विनातक्रार उतरते, फक्त आकडे भलतेच होतात, आणि चूक कळते ती बेरीज जुळेना तेव्हा. बायनरी पर्यायाने ती जशीच्या तशी येईल, पण एक्सेलला वाचता येणार नाही. त्यापेक्षा मेनफ्रेमवरच रकमा साध्या अंकांत काढून घ्या आणि मग ती फाइल मजकूर म्हणून उतरवा. प्रोग्रॅमरला हे फारसे अवघड नाही.

चौकोनी कंस विचित्र दिसले तर कोड पेज तपासा. ०३७ आणि १०४७ यांची गल्लत हे नेहमीचे कारण. अहवाल उजवीकडे कापला जात असेल तर एम्युलेटरमध्ये टर्मिनलचे मॉडेल २ (२४ ओळी, ८० अक्षरे) ऐवजी मॉडेल ५ (२७ ओळी, १३२ अक्षरे) निवडून पाहा. होस्टचीही त्याला तयारी हवी.

खिडकी बंद केली म्हणजे लॉगऑफ झाले असे नाही. टीएसओमध्ये (मेनफ्रेमवर लॉगऑन करून काम करण्याच्या सोयीत) तुमचे सत्र मागे राहू शकते आणि पुढच्या वेळी ‘हा यूजर आयडी वापरात आहे’ असा निरोप येतो. अशा वेळी लॉगऑनच्या पडद्यावर रिकनेक्टच्या आधी ‘एस’ लिहून एन्टर दाबा.