नाशिकचा कांदा बंगालला का जातो?

‘नाशिकला कांदा चांगला होतो म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. त्यात निरपेक्ष लाभ आणि तुलनात्मक लाभ यांची गल्लत होते.

एखादा माल दुसऱ्या मुलखापेक्षा कमी खर्चात निघत असेल, तर तो निरपेक्ष लाभ. निफाडकडची कांदाचाळ पाहा. तळ जमिनीपासून उचललेला, भिंती फटी ठेवलेल्या बांबूच्या किंवा जाळीच्या, खालून आणि बाजूंनी वारा खेळता. मे महिन्यात भरलेला उन्हाळ कांदा तिथे चार-पाच महिने टिकतो. बंगालच्या हुगळी जिल्ह्यातही ‘सुखसागर’ कांदा निघतो, पण दमट हवेत लवकर सडतो. मग पावसाळ्यात नाशिकच्या गोण्या लागतात.

तुलनात्मक लाभ वेगळं विचारतो: कांदा घेतला, तर काय हातचं जाईल? हुगळीचा शेतकरी हिवाळ्यात बटाटा लावतो. उद्या तिथला कांदा नाशिकच्या तोडीचा झाला आणि टिकूही लागला, तरी बटाट्यात चार पैसे जास्त सुटत असतील तर तो बटाटाच लावेल आणि कांदा विकत घेईल. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये हेच मांडलं. त्याच्या उदाहरणात ठरावीक माल काढायला पोर्तुगालला वाइनसाठी ८० आणि कापडासाठी ९० माणसं लागतात, इंग्लंडला १२० आणि १००. दोन्हींत सरस असूनही पोर्तुगालने वाइन करावी, कारण तिथे त्याची आघाडी जास्त मोठी आहे, आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं.

पण हा हिशेब देशादेशांमधला आहे, आणि हे फार कमी वेळा सांगितलं जातं. यॉर्कशायरमध्ये लंडनपेक्षा जास्त नफा असेल तर भांडवल तिकडे धावेल, असं रिकार्डोनेच लिहिलंय. देशाच्या आत पैसा हलतो, माणसंही हलतात. हलत नाही ती जमीन आणि हवा. म्हणून शेतमालात तुलनात्मक लाभाचं गणित बरंचसं जुळतं. कारखानदारीत मात्र निरपेक्ष लाभ वरचढ ठरतो.

यंत्रमागांचं भिवंडी हे त्याचं उदाहरण. आसपास कापूस पिकत नाही, सूत बाहेरून येतं आणि मागावर बसणारे हात मोठ्या संख्येने उत्तर प्रदेश-बिहारचे. व्यापारी, मुंबईची बाजारपेठ, माग दुरुस्त करणारे मिस्त्री एकदा एका जागी जमले की नवा मागही तिथेच लागतो. मागे पडलेल्या मुलखाकडे विकायला दुसरं काही उरेलच, याची हमी इथे नाही. राज्याराज्यांतल्या व्यापारात दोघांचंही भलंच होतं, असं सरसकट म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

७ ऑगस्ट २०२० ला पहिली किसान रेल्वे नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघाली, फळं आणि भाजीपाला घेऊन. बिहारहून उलट दिशेने येणाऱ्या गाड्यांत गर्दी असते ती कामाला निघालेल्या माणसांची.