दुष्काळी सोलापुरातला पाणथळ जंत

सोलापूर जिल्हा दुष्काळी, म्हणून ओलीत वाढणारे रोग आपल्या जनावरांना कमी, असं पुष्कळ जण धरून चालतात. यकृतातल्या चपट्या जंताच्या, म्हणजे लिव्हर फ्लूकच्या बाबतीत हा समज महागात पडतो. कॅनॉलच्या पाझराचं एखादं डबकं त्याला पुरतं, आणि उजनीचं पाणी फिरल्यापासून माढा, मोहोळ, पंढरपूरकडे अशी डबकी बारा महिने सापडतात.

आपल्या भागातल्या या जंताचं नाव फॅसिओला जायगँटिका. पानासारखा चपटा, वाढला की पाच-सात सेंटिमीटर लांब. बाधा जुनी झालेल्या गाईचं यकृत कापलं तर पित्तनलिका जाड, कडक झालेल्या दिसतात. काही वेळा चुना साचून त्या सुरीखाली करकरतात. त्यांत राहून जंत अंडी घालतो. पित्ताबरोबर अंडी आतड्यात उतरतात आणि शेणातून बाहेर पडतात. शेण पाण्यात पडलं तरच पुढची गोष्ट घडते. अंड्यातून निघालेल्या डिंभकाला, म्हणजे जंताच्या पिल्लाला, साधारण एका दिवसात लिम्निया जातीची पाणगोगलगाय गाठावी लागते, नाहीतर तो मरतो. गोगलगाय सापडली की एका डिंभकाचे शेकडो होतात. ते बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला चिकटतात, स्वतःभोवती कवच करून घेतात आणि जनावराच्या तोंडाची वाट बघतात.

एकोणिसाव्या शतकात, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट यांनी स्वतंत्रपणे यकृतकृमीचं हे चक्र उलगडलं.

धोका सगळ्यात जास्त कधी? पावसाळ्यात असतोच, पण मला उन्हाळ्याची काळजी जास्त वाटते. तळी आटतात, उजनीचा फुगवटा मागे सरतो आणि उघड्या पडलेल्या ओल्या काठावर तेवढं हिरवं गवत उरतं. आसपासची सगळी गुरं तिथंच चरतात, तिथंच पाणी पितात, तिथंच शेण टाकतात. गोगलगाईही त्याच चिखलात असतात. कॅनॉलच्या चारीच्या काठचं ओलं गवत कापून गोठ्यात आणलं तरी कवचातले डिंभक सोबत येतात. बांधून पाळलेल्या म्हशीलाही म्हणून बाधा होते. मंगळवेढ्याकडचा वाळलेला ज्वारीचा कडबा त्या मानाने निर्धोक, कारण कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही.

खाल्लेले डिंभक आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतात आणि कित्येक आठवडे ते पोखरत फिरतात. अंडी शेणात दिसू लागायला तीन-चार महिने जातात. तोवर दूध घटतं, जनावर खंगतं, डोळ्याच्या आतली लाली फिकी पडते. रक्तातली प्रथिनं कमी झाली की जबड्याखाली पाणी उतरतं, मऊ सूज लोंबते. ही सूज दिसेपर्यंत थांबू नका. मेंढ्यांत तर काही वेळा सूज यायच्या आधीच मरतूक होते.

दर वेळी तेच ते जंताचं औषध पाजून भागत नाही. आयव्हरमेक्टिन चपट्या जंतावर चालत नाही. ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः मोठ्या जंतांना मारतं, यकृतात फिरणारी पिल्लं त्यातून वाचतात. म्हणून औषध कोणतं, पुन्हा कधी द्यायचं आणि त्यानंतर दूध किती दिवस विकायचं नाही, हे पशुवैद्यकांकडूनच ठरवून घ्या. शेण तपासायला देताना जनावर कुठं चरतं तेही सांगा. या जंताची अंडी जड असतात; नेहमीच्या तरंगवण्याच्या पद्धतीत ती निसटतात, तळाचा साका तपासला तर सापडतात.